टरफलाची आतली बाजू

अण्णांना कधी काही 'वाटायचं' नाही. त्यांना थेट माहीतच असायचं. पाहुणे किती वाजता उठतील, दूध कधी उतू जाईल, शेजाऱ्याने भिंतीला लावलेला रंग किती दिवस टिकेल, सगळं माहीत. यातलं निम्मं चुकायचं आणि घरची माणसं ते मुकाट्याने पोटात घालायची. पण एका बाबतीत अण्णा चुकत नसत, आणि त्या एका गोष्टीच्या जिवावर बाकीचं सगळं माफ होतं. भुईमूग जमिनीतून कधी काढायचा हे अण्णा सांगायचे. ते सांगितलं की काळ्या दगडावरची रेघ.

भुईमूग हे पीक तसं लबाडच. बाकीची पिकं पिकली की रंग बदलतात, माना टाकतात, वास सोडतात, काहीतरी करून सांगतात. हा आपला सगळा कारभार मातीखाली उरकतो आणि वर हिरवा पाला डोलवत बसतो. लवकर काढावा तर दाणा भरलेला नसतो. उशीर करावा तर शेंगांचे देठ कुजतात, झाड उपटलं की पाला हातात येतो आणि शेंगा मातीतच राहतात. वरून ओल लागली तर तिथल्या तिथे कोंब फुटतात. मधले थोडे दिवस काय ते खरे, आणि ते ओळखायचे कसे, हा सगळा प्रश्न.

अण्णा शेताच्या चारी कोपऱ्यांतून एकेक झाड उपटायचे. शेंगा फोडायचे, दाणे बाजूला सारायचे आणि टरफलाच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवून बघायचे. आतून पांढरं असेल तर शेंग कोवळी. पिवळसर असेल तर थांबायचं. तपकिरी, काळपट झालं की दाणा भरला. बघून झालं की ते टरफल डाव्या खांद्यावरून मागे भिरकावून द्यायचे, आणि एकच शब्द बोलायचे. "नाही," किंवा "झालं." बस्स. त्यांच्यामागे उभं राहिलेल्याच्या अंगावर टरफलं पडायची, पण ती उचलून कोणी बघायचं नाही. अण्णांनी बघितल्यावर पुन्हा बघायचं म्हणजे अण्णांना खोटं पाडायचं. असं कुणी कुणाला बजावलेलं नव्हतं, पण घरात लहानमोठ्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

सूनबाई या घरात आली तेव्हा तिलाही हे असंच न सांगता कळलं. घराच्या पुढच्या अंगाला तेलाचं दुकान होतं, मागे घाण्याची खोली, त्याच्यामागे शेंगा वाळवायचं फरसबंदी अंगण आणि कुंपणापलीकडे शेत. नवरा शेतातलं बघायचा आणि बाटल्या पोचवायचा, दुकान सूनबाई सांभाळायची, आणि घाणा चालवायचा घुम्या.

घुम्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण माणूस इतका कमी बोलायचा की खरं नाव विचारायची कोणाला आठवण राहिली नाही. अण्णा सरळ घुम्या म्हणायचे, सूनबाई भाऊ म्हणायची. तो सकाळी यायचा, खुंटीवरची किल्ली घ्यायचा, घाणा सुरू करायचा आणि दिवसभर कान देऊन बसायचा. घाण्याचा आवाज जरा बदलला की उठून दाणे कमी-जास्त करायचा. त्याच्या हातचं तेल वर्षभर राहिलं तरी वास बदलत नसे. गिऱ्हाइकं तेलाची वाहवा करत, अण्णा ती स्वतःच्या खात्यात जमा करत, आणि घुम्याची त्याला काही हरकत नव्हती.

मग गेल्या वर्षी तेल खवट झालं.

पहिली बाटली परत घेऊन आल्या त्या शाळेतल्या बाई. भल्या स्वभावाच्या, म्हणून दुकानात कोणी नाहीसं बघून आल्या. झाकण उघडून म्हणाल्या, "तूच वास घे, मी काही बोलत नाही." सूनबाईने वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट लावून टाकलं. मग रोज कोणी ना कोणी येऊ लागलं. सगळेच काही त्या बाईंसारखे कोणी नाहीसं बघून येत नव्हते.

अण्णांना अर्थातच कारण माहीत होतं. "घाणा तापवला याने. घाई केली. तेल करपवलं." भर अंगणात, मजुरांसमोर म्हणाले. घुम्याने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. दोन वाक्यं बोलला असता तर कदाचित निभावलं असतं, पण जन्मभर न बोललेल्या माणसाला ऐन वेळी शब्द कुठून सापडणार? त्याने किल्ली खुंटीला अडकवली, चपला घातल्या आणि निघून गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं सूनबाईच्या मनात तेव्हाच आलं होतं. पण चोर कोण ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तीही गप्प बसली. तेव्हापासून घाणा तिचा नवरा चालवायचा आणि घाण्याला ते अजिबात पसंत नव्हतं. घुम्या गावाच्या दुसऱ्या टोकाला पिठाच्या गिरणीत दळणं दळत होता.

या गोष्टीची टोचणी सूनबाईला वर्षभर राहिली. पुढचं पीक काढणीला आलं तेव्हा तिला राहवेना. गेल्या वर्षीची एक न उघडलेली बाटली आणि पोत्याच्या तळाशी उरलेले मूठभर दाणे तिने तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवून दिले. घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. काही दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला तेव्हा ती दुकानात एकटीच होती.

"तेल तापलेलं नाही," बाई म्हणाल्या. "भेसळ नाही. काढणाऱ्याने चांगलं काढलंय. खोट दाण्यातच आहे. दाणा कोवळा होता."

"कोवळा कसा असेल?"

"कसा म्हणजे, लवकर काढला. कोवळ्या दाण्यात पाणी आणि साखर जास्त असते. मातीत जसजसा पिकतो तसतशी साखर कमी होते, तेल भरतं. आणि नुसतं भरत नाही बरं का, तेलाची जातही बदलते. आधी आधी जे असतं ते लवकर खवट होतं. मागाहून भरतं ते टिकाऊ. तुम्ही दाणा पिकू दिला नाहीत, एवढंच."

"अहो, पण अण्णांनी बघितलं होतं!"

"कोण अण्णा?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न सूनबाईला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. तिने आभार मानून फोन ठेवला आणि बराच वेळ बाटल्या पुसत बसली. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

घुम्या निर्दोष होता, हे तर आता पक्कं झालं. मग तिला गेल्या वर्षीची काढणी आठवू लागली. वाळवल्यावर दाणे आखडले होते, सालींना सुरकुत्या पडल्या होत्या. तेव्हा सगळे म्हणाले होते, यंदा ऊन कडक आहे. तीही म्हणाली होती. अण्णांनी 'झालं' म्हटल्यावर दाणा आखडला तर चूक उन्हाचीच असणार, दुसऱ्या कोणाची?

दोन दिवसांनी सकाळी अण्णा शेतात निघाले. सूनबाई पाण्याची बाटली घेऊन मागोमाग गेली. अण्णांनी एका कोपऱ्यातलं झाड उपटलं, माती झटकली, शेंगा फोडल्या. अंगठा फिरवला. टरफल डोळ्यांजवळ नेलं, जरा जास्तच जवळ. मग खांद्यावरून मागे टाकलं. चारी कोपरे झाले.

"झालं," अण्णा म्हणाले. "परवा काढणी. माणसांना सांगून ठेवा."

ते पुढे चालू लागले. सूनबाई वाकली. चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून तिने दोन-चार टरफलं उचलली, आणि या घरात आजवर कोणी केलं नव्हतं ते केलं. उलटी करून आत बघितलं.

आतून ती पांढरी होती. एखादं फार तर किंचित पिवळसर. काळेपणाचा कुठे मागमूस नव्हता.

तिने ती एप्रनच्या खिशात टाकली. पुढे अण्णा ताठ पाठीने चालले होते, बांधावरच्या दगडाला बरोबर वळसा घालून. घरापर्यंत तिच्या डोक्यात नको नको ते विचार येत राहिले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का? की आता यांना बघायचाच कंटाळा आला, आणि नुसता सवयीने अंगठा फिरतोय?

घरी आल्यावर अण्णांनी हात-पाय धुतले आणि दोरीवरचा सदरा काढून तिच्यासमोर धरला.

"हा धुतलेला?"

"हो अण्णा. कालच."

"पिवळा, मातकट दिसतोय. साबण वापरता की हळद?"

आता हे काही नवीन नव्हतं. गेली दोन वर्षं अण्णांचं पिवळ्या रंगाशी हाडवैर जडलं होतं. सदरे पिवळे. रंगाऱ्याने पुढची खोली पांढरी रंगवली, तर ती पिवळी, त्याच्याशी भांडण. दूधवाल्याला म्हणाले, यात काय कालवतोस. नव्या बशा आणल्या, तर या जुन्या पिवळ्या कशाला उचलून आणल्यात म्हणून सूनबाईलाच बोलणी. म्हातारपणी नाकावर राग येऊन बसतो, असं म्हणून सगळे सोडून देत. तीही सोडून द्यायची. आज मात्र तिच्या एका हातात तो सदरा होता, स्वच्छ, पांढराशुभ्र, आणि दुसरा हात खिशातल्या टरफलांवर होता.

सदरा पांढरा. टरफल पांढरं.

ती मटकन स्टुलावर बसली.

"काय झालं गं?" अण्णा म्हणाले. "एवढं काही बोललो नाही मी."

"काही नाही अण्णा. पुन्हा धुते."

दुपारी बाटल्यांचे खोके गाडीत चढवता चढवता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. फोन, टरफलं, सदरा. तो जागीच थांबला.

"म्हणजे कावीळ?"

"अहो, कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, ही नुसती म्हण आहे. मोतीबिंदू असेल. माझ्या मावशीला असंच व्हायचं. डोळ्यापुढे मळकी काच धरल्यासारखं वाटतं म्हणायची, पांढरं पिवळं दिसतं आणि सावलीतलं तर तपकिरी. हळूहळू वाढतं, म्हणून माणसाला कळतच नाही. त्याला वाटतं, जगच मळलंय."

"ऑपरेशन होतं ना त्याचं? मग सोपं आहे."

"डोळ्याचं सोपं आहे. सांगायचं कोणी?"

नवऱ्याने खोका खाली ठेवला. "तू सांग."

"वडील तुमचे आहेत."

"म्हणून तर."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की घरातले पुरुष असे खोके उचलायला लागतात. तो तसा वाईट माणूस नव्हता, पण वडिलांपुढे अजून त्याची मान वर होत नसे. त्याने विचार करून एक तोडगा काढला. माणसं मिळत नाहीत असं सांगू. मग ट्रॅक्टर बिघडवू. रोज आपण दोघं गुपचूप बघायचं आणि काळं पडलं की माणसं आणायची. तोवर गोडीगुलाबीने डोळ्याच्या डॉक्टरकडे नेऊ. अण्णांचा शब्दही राहील आणि पीकही राहील.

तोडगा चांगला होता. सूनबाईला तो पटलाही. अण्णांकडे आता दुसरं होतं काय? घाणा मुलाचा, दुकान सुनेचं, पाय दुखरे. चार कोपऱ्यांतली चार झाडं आणि एक शब्द, एवढीच त्यांची मिळकत राहिली होती. ती आपण काढून घ्यायची? खोटं बोलून ती वाचत असेल तर ट्रॅक्टर खुशाल बिघडू दे.

आणि मग खुंटीवरच्या किल्लीकडे तिचं लक्ष गेलं. अण्णांचा शब्द राहिला, तर घाणा तापवला हाही त्यांचाच शब्द. तोही राहणार. घुम्या जन्मभर तेल करपवणारा म्हणून दळणं दळत बसणार, आणि हे आता तिला एकटीला नव्हे, दोघांना ठाऊक असणार. तिला स्वतःचाच राग आला. वर्षभर गप्प बसली ते माहीत नव्हतं म्हणून. आता कोणत्या तोंडाने गप्प बसणार?

"मीच सांगते," ती म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नको म्हणाला नाही. सुटकेचा श्वास टाकला तो मात्र तिने ऐकला.

पण सांगायचं कसं, याचा तिने नीट विचार केला. दाखवून उपयोग नव्हता, डोळेच फितूर झालेले. जीभ मात्र शाबूत होती. भाजीत मीठ चिमूटभर जास्त पडलं तरी अण्णा अंगणातून ओरडत. आणि शेतात अण्णा दाणा कधीच तोंडात टाकत नसत. "चाखून बघायचं काम माकडांचं," म्हणायचे. "माणसाला डोळे दिलेत."

चार वाजता तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि दोन वाट्या. एकीत विहिरीजवळच्या तुकड्यातले दाणे. बियाण्यासाठी आधी पेरलेला तो तुकडा होता, त्याची टरफलं आतून काळी पडलेली तिने स्वतः बघितली होती. दुसरीत सकाळच्या शेतातले.

"हे काय?"

"कच्चेच आहेत. चहाबरोबर खा थोडे."

अण्णांनी पहिल्या वाटीतला दाणा टाकला. चावला. "चांगला आहे. भरलाय. तेल सुटतंय दाताखाली." आणखी दोन खाल्ले. मग दुसऱ्या वाटीतला घेतला. चावता चावता थांबले. आणखी एक घेतला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कोवळा आहे. गोड लागतोय, पाणचट. दूध सुटतंय नुसतं." वाटी त्यांनी पुढे सारली. "कोणी उपटली ही झाडं? कोवळी शेंग उपटायची म्हणजे काय पोरखेळ आहे? कोणाला अक्कल नाही का?"

सूनबाई मनाशी दहा वेळा घोकलेलं सगळं वाक्य विसरली.

"तुम्ही, अण्णा," ती म्हणाली. "आज सकाळी."

अण्णा हसले. म्हणजे हसायला सुरुवात केली. तिचा चेहरा बघून ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

तिने खिशातून टरफलं काढून मेजावर उलटी ठेवली. त्यांनी एक उचललं, खिडकीकडे धरलं, डोळ्यांजवळ नेलं.

"तपकिरी तर आहे."

"पांढरं आहे अण्णा." आता थांबून चालणार नव्हतं. "तुमच्या सदऱ्यासारखं पांढरं. पुढच्या भिंतीसारखं. त्या बशीसारखं. सगळं पांढरंच आहे हो. तुमच्या डोळ्यांत मोती आलाय. डॉक्टर काढतात तो, अवघड काही नाही."

अण्णांनी बशीकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेला सदरा ओढून घेतला आणि त्याच्यावर ते टरफल ठेवलं. दोन्ही एकाच रंगाची दिसली असावीत, कारण ते बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "गेल्या वर्षी?"

ती खाली बघत राहिली. तेवढ्याने अण्णांना समजलं.

"तपासून घेतलंस?"

"हो."

"घाणा तापला नव्हता."

"नव्हता."

अण्णा उठले. त्यांना एवढं म्हातारं झालेलं तिने याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते घाण्याच्या खोलीत गेले, खुंटीवर हात फिरवून किल्ली काढली. बाहेर येऊन कुंपणापलीकडे गेले आणि एक झाड शेंगांसकट उपटून आणलं. मातीही झटकली नाही.

"चल," ते म्हणाले. "मला संध्याकाळचं नीट दिसत नाही. तेही कोणाला सांगितलं नव्हतं."

पिठाची गिरणी रस्त्याच्या वळणावर होती. आत पट्टा फटफटत होता, आणि भिंती, छत, डबे, सगळ्यांवर पिठाचा थर होता. घुम्या जात्याच्या तोंडाशी हात धरून पीठ किती बारीक येतंय ते बघत होता. त्याचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झालेल्या. दारात अण्णांना बघून त्याने बटण दाबलं. गिरणी थांबायला जरा वेळ लागला. मग एकदम शांत झालं, आणि घुम्या नेहमीप्रमाणे काही बोलला नाही.

अण्णाही बोलेनात. आयुष्यभर ज्यांना सगळं माहीत होतं त्यांना पहिला शब्द कोणता ते माहीत नव्हतं. सूनबाई मध्ये पडणार होती. तिने ओठ आवरले.

"तुझ्या अंगावर पीठ आहे," शेवटी अण्णा म्हणाले. "ते पांढरं आहे ना?"

घुम्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "हो."

"मला पिवळं दिसतं."

घुम्याने हात खाली घेतले. त्याला लगेच सगळं कळलं, की हळूहळू कळत गेलं, कोण जाणे. अण्णांनी मातीने भरलेलं झाड त्याच्यापुढे धरलं.

"मी 'झालं' म्हणालो सकाळी. तू बघ आणि मला सांग."

घुम्याने हात फडक्याला पुसले, नीट, बोटांच्या फटींमधूनसुद्धा. शेंग फोडली. आत अंगठा फिरवला. दुसरी फोडली, तिसरी फोडली.

"नाही," तो म्हणाला. "थांबायला हवं."

"गेल्या वर्षीही थांबायला हवं होतं."

"हो."

अण्णांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"दाणा घाण्यात पडला की कळतं. आवाज बसका येत होता. पेंड ओली, चिकट. तेल कमी." घुम्या एवढं सलग बोललेलं सूनबाईने कधी ऐकलं नव्हतं.

"अरे मग बोलला का नाहीस? मी तुला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो, तेव्हा तरी बोलायचं!"

घुम्याने अण्णांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. जणू विचारायचं कारणच काय, असं.

"तुम्ही बघितलं होतं ना, अण्णा."

अण्णांना बसावंसं वाटलं. कोणीतरी दळणाचा डबा ठेवला होता, त्याच्या झाकणावर ते बसले. सदऱ्याला पीठ लागलं. त्यांनी हात जोडायला उचलले, पण घुम्याने ते मधेच धरले आणि खाली केले. त्यांच्या मुठीतली किल्ली त्याच्या हाताला लागली. ती त्याने घेतली नाही, नको असंही म्हणाला नाही.

"दोन दळणं राहिलीत," तो म्हणाला. "माणसं येतील न्यायला."

"मग?"

"ती करतो. उद्या सकाळी येतो."

परत येताना अण्णा सूनबाईचा हात धरून चालले. रंगाऱ्याला काय काय बोललो होतो, ते त्यांनी वाटेत आठवून आठवून सांगितलं. दूधवाल्याचंही सांगितलं. "बशा तर तू हौसेने आणल्या होत्यास," ते म्हणाले. ती म्हणाली, "आणल्या होत्या, आणि चांगल्या महाग दिसणाऱ्या निवडून आणल्या होत्या." तेव्हा ते हसले, आणि तिलाही हसू आलं.

डॉक्टरांची तारीख काढणीनंतरची मिळाली. तोवर भुईमूग मातीत पिकत राहिला, आणि वर पाला आपला डोलत राहिला. घुम्या सकाळी येऊन किल्ली घेई, तोवरच्यासाठी विकत आणलेले दाणे घाण्यात टाकी, आणि सूनबाईच्या नवऱ्याच्या हाताखाली वर्षभर कुरकुरलेला घाणा पुन्हा नीट बोलू लागला. अण्णा रोज अंगणात बसत, पण शेताकडे जायचं नाव काढत नसत. सूनबाईला त्याचीच धास्ती होती. आता हे कधीच जाणार नाहीत, तिला वाटायचं. आपण सांगितलं ते बरोबर केलं, पण त्यांच्यापाशी काही ठेवलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी कुंपणापाशी उभं राहून हाक मारली. "चला रे. आणि घुम्याला बोलवा. घाणा बंद करून ये म्हणावं."

सगळे गेले. नवराही गेला, हात मागे बांधून. अण्णांनी पहिल्या कोपऱ्यातलं झाड उपटलं, माती झटकली, शेंग फोडली. अंगठा फिरवला. टरफल डोळ्यांजवळ नेलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात डाव्या खांद्याकडे गेला.

तिथे तो थांबला. अण्णा मागे वळले आणि टरफल त्यांनी सूनबाईच्या तळहातावर ठेवलं.

"मला वाटतं, झालंय," ते म्हणाले. "बघ गं."

तिने बघितलं. मग नवऱ्याने बघितलं, आणि त्याने ते घुम्याच्या हातात दिलं. टरफल आतून काळंभोर होतं. घुम्याने ते खिशात टाकलं, दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाला, "दुसरा कोपरा बघू."